कॅम्पपुरतं उघडं ठेवलेलं दार

माझं काम नेमकं काय, हे मला नीट सांगता येत नाही. भंडाऱ्यात इतकी वर्षं काढली, तरी शेजाऱ्यांना अजून वाटतं की मी घरोघरी इंटरनेटचे डबे बसवतो. डबेही बसवले, खोटं कशाला बोलू. त्याआधी टेलिफोन खात्यात होतो, खांबावर चढून तारा जोडल्या. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा कचेऱ्यांच्या लायनी इकडच्या तिकडे करणाऱ्यांतही मी होतो. पुढे खातं सोडलं, बसस्टँडजवळ एक खोली घेतली आणि कॉम्प्युटरच्या नेटवर्कचं काम धरलं. शेवटची सात-आठ वर्षं जे केलं, त्याबद्दल मात्र लिहायचं आहे.

हल्ली दुकानदार, मिलवाले, संस्था आपला मोठा कॉम्प्युटर आपल्या खोलीत ठेवत नाहीत. दूरच्या शहरात मोठमोठ्या कंपन्यांच्या इमारती आहेत, तिथं यंत्रांच्या रांगा असतात. त्यातल्या एकेका यंत्राचे सॉफ्टवेअरनं भाग पाडून कंपनी ते भाड्यानं देते. भाडेकरूला वाटतं, आपल्याकडे एक अख्खा कॉम्प्युटर आहे. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आणि हा सगळा कारभार म्हणजे क्लाऊड. मशीन भाड्यानं घ्यायला पाच मिनिटं पुरतात. त्याच्या पुढचा प्रश्न अवघड असतो. साकोलीतल्या माणसानं त्या मशीनपर्यंत पोचायचं कसं, बाकीच्या जगाला तिथं पोचू द्यायचं नाही ते कसं, आणि हे सगळं गिऱ्हाइकाला परवडेल असं कसं करायचं. ते ठरवायला लोक मला बोलवत.

मोहाडीकडचे एक राईस मिलवाले शेठ होते. त्यांचं मशीन घेऊन दिलं तर त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "मेश्राम, माहं मशीन आहे कोठी?"

"मुंबईकडे आहे, शेठ."

"मुंबईत कोठी?"

"ते कंपनी सांगत नाही."

"मंग मले एकडाव पाहाले तं न्या."

पाहता येत नाही म्हटल्यावर शेठनी हिशेबाची वही मिटली. मग म्हणाले, "जे आपल्याले दिसत नाही, त्याले दोन कुलपं लावा. पैशाचं मी पाहातो." मी मनातल्या मनात हसलो. पण सांगितलं तसं केलं. त्यांच्या मशीनला बाहेरून दिसणारा पत्ताच ठेवला नाही. मिलमधून मशीनपर्यंत खासगी वाट बांधून दिली, जिला आम्ही व्हीपीएन म्हणतो. त्या मशीनला आजवर कोणी हात लावू शकलेलं नाही. ती अक्कल शेठची होती, माझी नव्हती. माझी जिथं चालली, ती गोष्ट पुढे आहे.

भंडाऱ्यात एक लहानशी संस्था सिकलसेलचं काम करायची. संस्थेचं नाव मी लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. सिकलसेल हा रक्ताचा आजार. तो आईबापाकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक असतो, त्याला स्वतःला काही त्रास नसतो. दोघांकडूनही आला तर मूल आजारी. म्हणून वाहक आणि वाहक यांची सोयरीक जुळत असेल तर दोन्ही घरांना ते आधी माहीत असावं, असं संस्थेच्या डॉक्टर मॅडमचं म्हणणं. लग्न करू नका असं त्या कधी म्हणत नसत. माहीत असलं की पुढे गरोदरपणात तपासणी करता येते, बाळाची काळजी पहिल्या दिवसापासून घेता येते, एवढंच. त्यासाठी संस्था गावोगाव रक्त तपासायची आणि नोंदी ठेवायची.

करडी गावाच्या बाजूच्या नोंदी संस्थेच्या कार्यकर्त्या कुंदाताईंच्या होत्या. कुंदाताई करडीच्याच. शिक्षण दहावी, पण त्यांच्याइतकं चोख काम मी कोणाचं पाहिलं नाही. सायकलवर फिरून त्यांनी लांबट रजिस्टरं भरली होती. नुसती नावं नव्हती त्यात. कोणाची लेक कोणत्या गावाला दिली, कोणाची सून कुठून आली, कोणाच्या भावाचं मूल आजारी, हे सगळं रेघा मारून दाखवलेलं.

एका वर्षी वैनगंगेचं पाणी संस्थेच्या तळमजल्यात शिरलं. कॉम्प्युटर टेबलावर होता म्हणून वाचला, खालच्या कपाटातली रजिस्टरं ओली झाली. मॅडमनी मला बोलावलं. "मेश्राम, हे सगळं नदीपासून दूर न्यायचं. आणि आमच्याकडे पैसे किती असतात ते तुम्हाला माहीत आहे."

मला ते माहीत होतं, आणि त्यांना कमीत कमी खर्चात सगळं करून द्यायचं असं मी ठरवून टाकलं. मनापासून ठरवलं होतं. सर्वांत लहान मशीन घेतलं. नोंदी चढवून दिल्या. भंडारा, साकोली आणि करडी अशा तिन्ही ठिकाणच्या बायांनी आपापल्या लॅपटॉपवरून त्या मशीनवर जायचं होतं.

आता रस्ता. मशीनला सरळ सार्वजनिक पत्ता द्यायचा आणि पासवर्ड ठेवायचा, हा सगळ्यात सोपा मार्ग. पण तो पत्ता साऱ्या जगाला दिसतो आणि जगात पासवर्ड ओळखत बसणारे पुष्कळ आहेत. माणूस बसत नाही, त्यांचे प्रोग्राम बसतात. दुसरा मार्ग म्हणजे ठरावीक ठिकाणाहून आलेल्यालाच आत घ्यायचं. पण करडीला मोबाईलच्या डोंगलवर काम चालायचं, आणि डोंगलचा पत्ता दर वेळी बदलतो. तिसरा मार्ग शेठला दिला तो, खासगी वाट. कंपनीकडून तयार घेतली तर तिचं भाडं तासावर चालतं, वापरा की न वापरा. संस्थेला ते झेपणारं नव्हतं. पण तीच वाट फुकटच्या सॉफ्टवेअरनंही बांधता येते. भाडं जवळजवळ काही नाही. फक्त कोणीतरी बसून ती नीट बांधावी लागते, प्रत्येक लॅपटॉपवर तिची किल्ली चढवावी लागते आणि वापरणाऱ्याला शिकवावं लागतं.

म्हणजे स्वस्त आणि सुरक्षित, दोन्ही एकाच ठिकाणी मिळत होतं. आणि ते मला येत होतं.

मी ती वाट बांधलीही. भंडाऱ्यात चालली, साकोलीत चालली. करडीत तिनं त्रास दिला. तिथं नेटवर्क मुळात कमजोर, वाट मधेच तुटायची. वाट जुळली की लॅपटॉपवर हिरवं निशाण यायचं, ते आलं नाही की कुंदाताईंचा फोन यायचा.

"भाऊ, ते हिरवं निशाण काही येऊन नाही राहिलं."

"बंद करून परत चालू करा, ताई."

"तीनदा केलं जी. आता लोकं रक्त द्याले बसून आहेत, मी त्यायले काय सांगू?"

पुढच्या आठवड्यात करडीच्या विहारात मोठा कॅम्प होता. मॅडम म्हणाल्या, "मेश्राम, कॅम्पपुरतं काहीतरी करून द्या." करडीला जाऊन, तिथल्या नेटवर्कप्रमाणे ती वाट नीट बसवून द्यायला पाहिजे होती. मी मनाशी हिशेब केला की त्यात दोन दिवस जातील. त्याच आठवड्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाचं काम माझ्या हातात होतं. मी खोलीत बसल्या बसल्या मशीनला सार्वजनिक पत्ता दिला, दुरून काम करायचं दार सगळ्या जगासाठी उघडलं, आणि कुंदाताईंना फोनवर सांगितलं की आता हिरव्या निशाणाची गरज नाही, सरळ पासवर्ड टाका.

"आता बगा कसं पटकन उघडलं," त्या म्हणाल्या. फार खूश झाल्या होत्या.

माझ्या वहीत मी लिहिलं, "कॅम्प झाल्यावर बंद करणे." कॅम्प झाला. दार तसंच राहिलं. चालू असलेल्या गोष्टीबद्दल कोणी फोन करत नाही, आणि फोन आल्याशिवाय मी हलत नसे. या धंद्यात आमची सवय अशीच पडते.

मागाहून आणखी दोन गोष्टी झाल्या, त्याही माझ्याच खात्यावर आहेत. नोंदींची रोज एक प्रत निघायची, ती मी त्याच मशीनला जोडलेल्या दुसऱ्या डिस्कवर ठेवली होती. बाहेर वेगळ्या जागी ठेवायला थोडं आणखी भाडं पडलं असतं, ते मी वाचवलं. आणि संस्थेनं जागा बदलली, लहान खोली घेतली, तेव्हा कुंदाताईंनी मला ती ओली होऊन वाळलेली, फुगलेली रजिस्टरं दाखवून विचारलं, "भाऊ, हे ठेवू का टाकू?"

मी म्हटलं, "आता कायले ठेवता, ताई? सगळं वर चढलं."

त्यांनी दोन-तीन पानं उलटून पाहिली आणि गठ्ठा बांधून रद्दीवाल्याला दिला.

वर्षभरानं एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "भाऊ, माह्या हातून काही तं झालं. एकही नाव दिसत नाही. इंग्रजीत काहीबाही लिहून आलं आहे."

त्यांच्या हातून काहीच झालं नव्हतं. मी संस्थेत पोचलो तोवर तिन्ही ठिकाणचं काम थांबलं होतं. कोणीतरी पासवर्ड शोधून आत शिरलं होतं, सगळ्या नोंदी कुलूपबंद केल्या होत्या आणि त्या सोडवायला पैसे मागितले होते. शेजारच्या डिस्कवरची प्रतही त्यांनी सोडली नव्हती. मॅडमनी पोलिसांत तक्रार दिली. पैसे द्यायचे नाहीत असं ठरलं. तसेही ते नव्हते, आणि दिले तरी नोंदी परत मिळतील याची खात्री कोण देणार. माझ्याकडे एका पेनड्राइव्हवर सुरुवातीच्या काही नोंदींची प्रत सापडली. ती साकोलीची होती. करडीचं काहीच नव्हतं.

मॅडमनी मला विचारलं, "हे कसं झालं, मेश्राम?"

मी सांगितलं. वही दाखवली नाही, पण सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला. कुंदाताई तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, "मले बरंचसं पाठ आहे. मी परत फिरते."

आणि त्या फिरल्या. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, चालू होती, बाया चिखलाच्या बांधीत वाकलेल्या असायच्या. कुंदाताई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभ्या राहून नावं विचारायच्या. ज्यांच्याकडे तपासणीची कार्डं होती त्यांची कार्डावरून लिहून घेतली. पुष्कळांची हरवलेली. त्यांचं रक्त परत घ्यायचं म्हणजे परत कॅम्प, परत किट, परत वाट पाहणं. मी या वेळी मशीन नीट बसवलं, खासगी वाट बांधली, प्रत बाहेर ठेवली, आणि एक पैसा घेतला नाही. आठवड्यातले दोन दिवस मी संस्थेत बसून नोंदी चढवत होतो. भरपाई करतो आहे असं मला वाटत होतं.

अशाच एका दुपारी मी एकटा स्क्रीनसमोर होतो. मॅडम बाहेर गेलेल्या. करडीच्या बाजूच्या एका गावचे एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, हातात पिशवी, पन्नाशीचे. म्हणाले, "पोराचं लगन जुळून राहिलं आहे, साहेब. पोरीकडचे विचारून राहिले, सिकलचं काय आहे म्हणून. पोरीचं तं वाहक आहे म्हणते. आमच्या पोराचं रक्त तुमच्या बायनं घेतलं होतं. कार्ड काही सापडून नाही राहिलं."

मी मुलाचं नाव विचारलं, टाकलं. स्क्रीनवर काही आलं नाही. गावाचं नाव टाकून पाहिलं. त्या गावची नोंद अजून चढायचीच होती. माझ्या शेजारी कागदांचा ढीग होता आणि मला तो संध्याकाळपर्यंत संपवायचा होता.

"नाही, नोंद नाही दिसत," मी म्हटलं.

"म्हंजे काही निघालं नाही ना?"

"नाही, काही निघालं नाही."

मी नोंदीबद्दल बोलत होतो. ते आजाराबद्दल विचारत होते. त्यांचा चेहरा उजळला, तो मी पाहिला. त्यांनी हात जोडले, पिशवीतून दोन सीताफळं काढून टेबलावर ठेवली आणि गेले.

रक्त परत तपासून घ्या, असं मी त्यांना म्हटलं होतं का? हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. कधी वाटतं, म्हटलं असणार, ते कोणीही म्हणेल. पण मला तो प्रसंग सगळा आठवतो, त्यांच्या सदऱ्याची फाटकी कॉलरही आठवते, आणि त्यात माझं ते वाक्य नाही.

दोन वर्षांनी कुंदाताईंचा फोन आला. त्या तेव्हा लहान बाळांची तपासणी करत होत्या. सरळ बोलणारी बाई, पण त्या दिवशी शब्द शोधत होत्या. "भाऊ, एक लेकरू निघालं. हाताची बोटं सुजून रडून राहिलं होतं म्हणून मी रक्त घेतलं. दोघंही मायबाप वाहक. आता बापाचं रक्त परत घेतलं तवा समजलं." मग म्हणाल्या, "सासरा म्हणे, भंडाऱ्याच्या हापिसात साहेबानं सांगतलं होतं, काही निघालं नाही म्हणून. मॅडम तं तवा नव्हत्या. म्हणून तुमाले सांगून राहिली. दुसऱ्या कोणाले नाही सांगतलं मी."

दोष दिला नाही. फोन ठेवताना "जेवलात का" एवढं विचारलं.

मी आठ दिवस काही केलं नाही. मग मोटारसायकल काढून करडीला गेलो, कुंदाताईंना मागे बसवलं आणि त्या घरी गेलो. धान कापून झालेलं होतं, अंगणात चुरणं, म्हणजे मळणी, चालू होतं. सासरे मला ओळखून उठले, खाट टाकली. बाळाची आई, तिला अश्विनी म्हणू, बाळाला घेऊन ओसरीवर बसली होती. वर्षाच्या आतबाहेरचं पोर. बोटं आता उतरलेली होती. ते माझ्याकडे टक लावून पाहत होतं.

मी जे झालं ते सांगायला सुरुवात केली. सार्वजनिक पत्ता, पासवर्ड, डिस्क, असं काहीबाही. सासऱ्यांना काही कळत नव्हतं, त्यांनी मान डोलावणंही सोडलं होतं. अश्विनी बारावी शिकलेली. तिनं मला मधेच थांबवलं.

"म्हणजे त्या मशीनचं दार उघडं राह्यलं, अन् चोरायनं आमच्या नोंदी नेल्या?"

"हो."

"कोणं ठेवलं उघडं?"

"मी," मी म्हटलं. "आणि तुमच्या सासऱ्यांना काही निघालं नाही म्हणून सांगणाराही मीच."

सासरे बोलणार होते. तिनं हातानं त्यांना थांबवलं. बाळाचं टोपडं नीट केलं. मग माझ्याकडे न पाहता बोलली, "माहीत असतं तं मी लगन केलंच नसतं, असं नाही. मले तवा मालक पसंत होते, आताही आहेत. पण माहीत तं असतं. पोटात होता तवा तपासून घेतलं असतं. मंग जे ठरवलं असतं, ते आमी दोघायनं ठरवलं असतं."

 कुंदाताई पदरानं डोळे पुसत होत्या. बाळाला दर महिन्याला कधी आणायचं, ताप आला तर काय करायचं, हे त्यांनी तिला पुन्हा एकदा समजावून सांगितलं. अश्विनीनं चहा आणला. मी कप खाली ठेवून निघायला उठलो, तेव्हा तिनं विचारलं, "आता लावलं का ते दार?"

"लावलं. तेव्हाच लावलं."

"अन् बाकीच्यायचं?"

"बाकीच्या कोणाचं?"

"तुमी आमचं एकट्याचंच काम करता का जी? बाकीच्या लोकायचे पण मशीन असतील न."

परतीच्या वाटेवर कुंदाताईंना करडीला सोडलं. घरी येऊन वही काढली. "तात्पुरतं", "सध्या", "नंतर बंद करणे" असं लिहिलेली गिऱ्हाइकं मोजली. अकरा निघाली. कोणाचा दवाखाना, कोणाचं औषधांचं गोदाम, कोणाची पतसंस्था. प्रत्येक ठिकाणी मी कोणाची तरी थोडी बचत केली होती आणि त्याहून जास्त माझी स्वतःची मेहनत वाचवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं साकोलीला गेलो. पहिलं काम एका दवाखान्याचं होतं. तिथले डॉक्टर मला पाहून चकित झाले. "मेश्राम, मी तं बोलावलं नव्हतं. मस्त चालून राहिलं आहे, कायले हात लावता?"

"मीच अर्धवट सोडलं होतं," मी म्हटलं. "पैसे लागणार नाहीत. तुमच्या कॉम्प्युटरवर जरा बसू द्या."

त्यांनी खुर्ची सोडली. मी मशीनवर खासगी वाट बांधली, त्यांच्या तिन्ही लॅपटॉपवर किल्ल्या चढवल्या, नर्सबाईंकडून दोनदा उघडून घेतलं. त्यांचंही नेटवर्क मधेच तुटत होतं, ते जुळवून दिलं. मग सार्वजनिक पत्ता काढून टाकला. उठताना भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सगळं मिळून दीड तास गेला होता. करडीसाठी मी दोन दिवस धरले होते. तिथंही तेवढाच गेला असता.